दुरुस्तीचा धर्म

जुनी वस्तु दुरुस्त करून वापरणाऱ्या मनुष्याविषयीं समाजाचें मत सहसा चांगलें असतें. मोडलेलें टाकून न देतां सांधून घेण्यांत काटकसर आहे, मागील पिढीच्या श्रमांविषयीं कृतज्ञता आहे, आणि हातांना कामाची लाज वाटत नाहीं याची साक्षहि आहे. तेव्हां हें मत अनाठायीं आहे असें कोणी म्हणणार नाहीं. आम्हीहि तें आजवर निःशंकपणें बाळगीत आलों. परंतु गेलीं दोन वर्षें एका जुन्या मोटरहोडीची घरच्या घरीं डागडुजी करीत असतां आम्हांस असें दिसून आलें कीं, दुरुस्ती ही स्वभावतःच सत्कृत्य नव्हे. नवी वस्तु करणाऱ्यास जितकें खोटें बोलतां येतें त्याहून अधिक खोटें जुनी वस्तु दुरुस्त करणाऱ्यास बोलतां येतें; कारण त्याच्या हातीं रंगाचा कुंचला असतो, आणि रंगाखालीं काय आहे हें त्याच्यावांचून कोणास ठाऊक नसतें. दुरुस्ती करणारा मनुष्य इतरांचें काय देणें लागतो, हा प्रश्न म्हणूनच विचार करण्याजोगा आहे.

ज्या होडीमुळें हा प्रश्न आमच्यापुढें उभा राहिला तिची हकीकत थोडक्यांत सांगितली पाहिजे. उद्योगानिमित्त आमचें वास्तव्य अमेरिकेंतील विस्कॉन्सिन राज्यांत आहे. हा प्रदेश तळ्यांचा. हिवाळ्यांत तळीं गोठून त्यांवरून माणसें चालतात, आणि बर्फ वितळलें कीं घरोघरच्या होड्या बाहेर पडतात. येथील एका गृहस्थाकडून आम्हीं चौदा फूट लांबीची प्लायवुडची एक होडी आणि तिच्या पाठीस टांगावयाचें, १९५७ सालचें, १८ अश्वशक्तीचें एक इव्हिन्रूड इंजिन विकत घेतलें. असल्या इंजिनास ‘आउटबोर्ड’ म्हणतात. म्हणजे होडीच्या पोटांत न बसवितां बाहेर, तिच्या मागच्या उभ्या फळीवर, पेंचांनीं आवळून लटकविलेलें इंजिन. आपल्या कोंकणच्या किनाऱ्यावर मासेमारीच्या लहान होड्यांनाहि आज अशीं इंजिनें लावलेलीं दिसतात. त्यामुळें वाचकांस तीं अगदींच अपरिचित नसावीं.

या जातीच्या इंजिनाचा मोठा प्रसार याच राज्यांतून झाला. ओल इव्हिन्रूड हा १८७७ सालीं नॉर्वेंत जन्मलेला आणि लहानपणींच आईबापांबरोबर विस्कॉन्सिनमध्यें आलेला मुलगा. त्यानें मिलवॉकी शहरांत बनविलेलें इंजिन १९०९ मध्यें बाजारांत आलें. तें सुमारें दीड अश्वशक्तीचें असून त्याचें वजन ६२ पौंड होतें. त्याच्या अगोदरहि कांहींनीं असलीं यंत्रें काढलीं होतीं. पण लोकांच्या हातीं खऱ्या अर्थानें पोंचलें तें हें. धंद्याची व्यवहाराची बाजू त्याची पत्नी बेस सांभाळीत असे, आणि वल्हीं फेकून द्या व इंजिन घ्या, अशा आशयाची तिची जाहिरात पुढें फार गाजली. त्या नांवाच्या इंजिनांचें उत्पादन २०२० मध्यें बंद झालें. तेव्हां आमचें इंजिन आतां पोरकें आहे, आणि त्याचें बरेंवाईट ज्याच्या हातीं तें पडेल त्याच्या सद्बुद्धीवर अवलंबून आहे.

इंजिनाच्या कामांत आमचा पहिला हिवाळा गेला, आणि तो सुखाचा गेला. या बाबतींत यंत्र मनुष्याहून सरळ असतें. तें बिघडलें तर बिघडल्याचें लपवीत नाहीं. गतिचक्राखालीं असलेल्या मॅग्नेटोच्या गुंडाळ्यांवरील आवरण वयोमानानें तडकलें होतें, म्हणून ठिणगी पडत नव्हती. गुंडाळ्या बदलल्या, उघडमीट करणाऱ्या संपर्कबिंदूंमधील अंतर इंचाच्या पन्नासाव्या भागाइतकें, म्हणजे सुमारें अर्धा मिलिमीटर, पातीनें मोजून ठेविलें, आणि निळी ठिणगी दिसूं लागली. कार्ब्युरेटरमधील बुचाचा तरंगता तुकडा पेट्रोल पिऊन जड झाला होता. थंडाव्यासाठीं पाणी खेंचणाऱ्या पंपाच्या रबरी पाकळ्या कडक होऊन मुडपल्या होत्या. हे दोष एकामागून एक निघाले.

मग राहिलें तें इंजिनाचा सूर लावणें. कार्ब्युरेटरला दोन सुया असतात. एक मंद गतीसाठीं, दुसरी वेगासाठीं. सुई हलकेच टेकेपर्यंत आंत फिरवावयाची, मग सुमारें दीड फेरा मागें घ्यावयाची, आणि तेथून अष्टमांश फेऱ्यानें कमीअधिक करीत कान देऊन ऐकत राहावयाचें. वेगाची सुई थोडी आंत घेतली कीं पेट्रोल कमी होतें, स्वर चढतो, वेग वाढतो, आणि ऐकणाऱ्यास वाटतें, आतां साधलें! पण या इंजिनांत वंगणाचें तेल पेट्रोलमध्येंच मिसळलेलें असतें. पेट्रोल कमी म्हणजे वंगणहि कमी, आणि उष्णता मात्र अधिक. त्या गोड स्वरावर इंजिन बराच वेळ पळविलें तर दट्ट्या जळण्याची भीति. म्हणून जाणते लोक उत्तम स्वर सांपडला कीं सुई किंचित् मागें घेतात. शिवाय ही परीक्षा गॅरेजांतील पाण्याच्या पिंपांत पुरी होत नाहीं. ती तळ्यावर, माणसांचें ओझें घेऊनच व्हावी लागते. जें कानाला सर्वांत चांगलें तें टिकावयास सर्वांत चांगलें नव्हे, हा पाठ आम्हीं इंजिनापासून घेतला. परंतु तोच पाठ होडीला लावण्याची बुद्धि आम्हांस वेळेवर झाली नाहीं.

होडी घेतली तेव्हां तिची मागची फळी ताज्या पांढऱ्या रंगानें चकाकत होती. दुसऱ्या हिवाळ्यांत आम्हीं पेंचांच्या खुणांपाशीं रंग खरवडला, तों खालीं लुकण, आणि लुकणाखालीं भिजल्या पुठ्ठ्यासारखें लांकूड! टोच्या अर्धा अर्धा इंच आंत जाऊं लागला. इंजिनाचें सारें वजन आणि होडीला पुढें ढकलणारा त्याचा सारा जोर याच फळीवर पडतो. ती फाटली तर इंजिन तळाला जावयाचें आणि त्याच्या जागीं पाणी आंत यावयाचें. विकणाऱ्या गृहस्थाचा आम्हांस अतिशय राग आला. त्याच्या अप्रामाणिकपणावर आम्हीं मित्रमंडळींत अनेक व्याख्यानें दिलीं.

फळीचा वरचा भाग कापून आम्हीं नवा बसविला. परंतु खालच्या एका कोंपऱ्यांत, तळाशीं सांध्याजवळ, तळहाताएवढी जागा अजून मऊ होती. ती काढावयाची म्हणजे सबंध फळी उसकटणें भाग होतें. मे महिना संपत आला होता. जुलैंत आमची बहीण आपल्या दोन मुलांसह पुण्याहून यावयाची होती, आणि होडींतून फिरविण्याचें वचन मुलांना पत्रांतून केव्हांच गेलें होतें. आम्हीं त्या जागेंत लुकण भरलें, तें घासून सपाट केलें, आणि वर रंगाचे दोन हात दिले. आठ दिवसांत होडी अशी दिसूं लागली कीं शेजारी थांबून पाहूं लागले.

एके सायंकाळीं पत्नीनें सहज विचारलें, “मुलांना बसवायला हरकत नाहीं ना?” आम्हीं म्हटलें, “छे, हरकत कसली!” हे शब्द तोंडांतून बाहेर पडले, आणि त्याच क्षणीं आम्हांस कळून चुकलें कीं, त्या विक्रेत्या गृहस्थाचा आवाज आम्ही ऐकत आहों. एका उन्हाळ्यापुरतें चालेल, पुढल्या वर्षीं नीट करूं, अमक्या दिवशीं पाहुणे यावयाचे आहेत; जीं कारणें आमच्या मनानें पुढें केलीं तींच त्याच्याहि मनानें केलीं असतील. तो कोणी दुष्ट मनुष्य नव्हता. तो आमच्यासारखाच, वेळ थोडा आणि इच्छा चांगली असलेला मनुष्य होता. मग आम्हीं त्याच्यावर जो राग केला तो कशाचा?

येथें एक आक्षेप घेतां येईल, आणि तो क्षुल्लक नव्हे. जुन्या वस्तूंत निर्दोष असें कांहींच नसतें. आज फळी बदलली तर उद्यां तळ, परवां कडा. शेवटीं जुन्या होडीचें नांव मात्र उरावयाचें. थीसियसच्या नौकेच्या फळ्या अथेन्सच्या लोकांनीं एकेक करून बदलल्या, तेव्हां ती तीच नौका उरली कीं नाहीं याविषयीं तत्त्ववेत्ते वाद घालीत, असें प्लुटार्कनें लिहून ठेविलेंच आहे. ज्यास सर्वथा निर्दोष होडी पाहिजे त्यानें नवी घ्यावी. आणि ज्याच्यापाशीं नवी घेण्यास पैसा नाहीं त्यानें काय पाण्यावर जाऊंच नये? पूर्णत्वाचा आग्रह धरणाऱ्याची होडी गॅरेजांतच म्हातारी होते. थोडी कूज सोसल्यावांचून जुन्याशीं संसार होत नाहीं, हें खरें आहे.

हें सर्व मान्य करूनहि आमच्या मनाची टोंचणी गेली नाहीं, आणि ती कां गेली नाहीं याचें उत्तर आम्हांस त्या इंजिनांतच सांपडलें. या जातीच्या लहान इंजिनांत पंखा आणि त्याचा दांडा यांना जोडणारी एक बोटाएवढीहि नसलेली मऊ धातूची खीळ असते. तिचा दुबळेपणा ही चूक नव्हे. ती मुद्दाम दुबळी केलेली असते. पाण्याखालीं पंखा एखाद्या खडकावर किंवा बुंध्यावर आपटला म्हणजे प्रथम ही खीळ तुटते, आणि दांतेरी चक्रें व दांडा वांचतात. होडीवाला दुसरी खीळ बरोबर बाळगतो, वल्हीं मारीत कांठाला येतो, आणि कांहीं मिनिटांत ती बसवितो. वारंवार तुटते म्हणून कंटाळून कोणी तिच्या जागीं पोलादी खिळा ठोकला, तर पुढच्या आघातास खिळा टिकतो आणि इंजिन मोडतें.

खीळहि दुबळी आणि आमच्या फळीचा तो कोंपराहि दुबळा. मग एक गुण आणि दुसरा अपराध कां? भेद दुर्बळतेंत नाहीं. खिळीची दुर्बळता कोठें आहे हें सर्वांस ठाऊक असतें, ती तुटली तर काय करावयाचें हें आधीं ठरलेलें असतें, आणि तिच्या तुटण्याचा भार कोणाच्या जिवावर पडत नाहीं. फळीची कूज मात्र आम्हांलाच ठाऊक होती, आणि तिचा भार ज्यांस ठाऊक नव्हता त्यांच्यावर पडणार होता. दुरुस्त करणारा मनुष्य इतरांस निर्दोषत्व देणें लागत नाहीं. तें त्याच्यापाशीं नसतेंच. तो त्यांस दोषाचें ज्ञान देणें लागतो. आणि जेथें नुसत्या ज्ञानानें भागत नाहीं, जेथें त्या दोषावर लहान मुलें विसंबून बसावयाचीं आहेत, तेथें तो दोष काढून टाकणें लागतो. यापलीकडे कडा वांकड्या असोत, रंग उडालेला असो, इंजिन खोकत असो. त्यांत पाप नाहीं.

आमच्या घरांतील जुन्या बायकांस हा विवेक पुस्तकावांचून कळत होता. पितळेचें पातेलें बाहेरून चिंचेनें घासून सोन्यासारखें करीत; पण कल्हईवाला दारावर आला कीं त्या पातेल्याच्या आंत पाहत. बाहेरचें तेज पाहुण्यांसाठीं, आंतली कल्हई जेवणाऱ्यांसाठीं. आंतली कल्हई गेली असतां बाहेरून कितीहि घासलें तरी आमटी कळकावयाची ती कळकतेच. कुंचला हातीं घेणाऱ्या प्रत्येक मनुष्यानें स्वतःस विचारावें कीं, आपण कल्हई करीत आहों कीं नुसती चिंच लावीत आहों.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्हीं तो रंग टोच्यानें फोडला आणि सबंध फळी उसकटली. नवी फळी कापून, चिकटवून, वाळवून बसविण्यास पांच आठवडे लागले. जुलैंत पाहुणे आले तेव्हां होडी दोन घोड्यांवर उलटी पडलेली होती. धाकटा भाचा दोन दिवस रुसला, आणि बहिणीनेंहि, एवढें काय अडलें होतें, असें एकदां बोलून दाखविलें. सत्याची किंमत बहुधा अशीच, लहान व लाजिरवाण्या नाण्यांत, मोजावी लागते. तींत वीरश्रीचा लवलेश नसतो, म्हणून तर ती मोजण्याचें आपण टाळतों.

होडी त्याच वर्षीं ऑगस्टअखेर पाण्यांत गेली. फळीच्या आंतल्या बाजूस आम्हीं एक लहान वही बांधून ठेविली आहे. काय बदललें, केव्हां बदललें, आणि काय अजून जुनेंच आहे, हें तींत लिहिलें आहे. ही होडी कधीं दुसऱ्याच्या हातीं गेली तर वहीहि तिच्याबरोबर जाईल. बेसबाईंच्या जाहिरातीचा मान ठेवूनहि आम्हीं वल्हीं फेकून दिलेलीं नाहींत. तीं दोन्ही बाकाखालीं असतात, त्यांच्याजवळच्या डबींत चार खिळी असतात, आणि जो कोणी होडींत बसतो त्यास प्रथम त्या डबीची जागा दाखविली जाते.