विवेकाचे मोल कोणी द्यावे?

शास्त्रपाठ : दानीएल 1:8-16, लूक 10:30-35



ऑक्टोबर 2022 मध्ये जर्मनीतील बर्लिन शहरी ‘वर्ल्ड मेडिकल असोसिएशन’ या डॉक्टरांच्या जागतिक संघटनेची महासभा भरली होती. वैद्यकीय नीतीची आंतरराष्ट्रीय संहिता या संघटनेने 1949 साली लंडन येथे प्रथम स्वीकारली. पुढे 1968, 1983 व 2006 साली तिच्यात सुधारणा झाल्या, आणि बर्लिन येथे तिला नवे रूप देण्यात आले. आपल्या मंडळ्यांतील कितीतरी मुलेमुली डॉक्टर व परिचारिका म्हणून सेवा करीत आहेत; आणि रुग्णाच्या खाटेवर पडण्याची पाळी तर केव्हा ना केव्हा आपणा सर्वांवरच येते. म्हणून या सुधारणेच्या वेळी उठलेल्या एका प्रश्नाचा आज आपण शास्त्राच्या प्रकाशात विचार करू.

या संहितेचा उगम एका भयंकर काळोखात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्ग येथे 23 जणांवर खटला चालला; त्यांपैकी 20 जण डॉक्टर होते. छळछावण्यांतील असहाय कैद्यांना बर्फासारख्या पाण्यात ठेवून माणूस किती वेळ तग धरतो, हे पाहण्यासारखे प्रयोग त्या छावण्यांत झाले होते. ऑगस्ट 1947 मध्ये निकाल लागला आणि सात जणांना देहान्ताची शिक्षा झाली. या डॉक्टरांजवळ विद्या होती, पदव्या होत्या. परंतु राजसत्तेला ‘नाही’ म्हणणारा विवेक त्यांनी गाडून टाकला होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये या संघटनेची स्थापना झाली. 1948 साली जिनिव्हाची प्रतिज्ञा आली आणि त्यानंतर ही संहिता. ‘नाही’ म्हणण्याचे धैर्य वैद्याच्या अंगी नसले तर काय होते, हे जग तेव्हा शिकले.

नवल असे की, 2022 च्या सुधारणेपूर्वी जो मोठा वाद झाला तो याच ‘नाही’विषयी होता. गर्भपातासारखा, अथवा काही देशांत कायद्याने मान्य केलेल्या इच्छामरणासारखा उपचार करण्यास एखाद्या डॉक्टरचा विवेक धजत नसेल, तर त्याने काय करावे? 2021 साली जाहीर झालेल्या मसुद्यात, अशा डॉक्टरने रुग्णाला वेळीच दुसऱ्या डॉक्टरकडे पाठविलेच पाहिजे, अशा आशयाचे बंधन होते. जे मी पाप मानतो ते दुसऱ्याच्या हातून करविणे हाही त्यातील सहभागच नव्हे काय, असे अनेक ख्रिस्ती डॉक्टरांना वाटले. उलटपक्षी, मग त्या रुग्णाने जावे तरी कोठे, असा प्रश्न होता. अखेरच्या मजकुरात असे ठरले की, रुग्णाला इजा होत नसेल, त्याच्याशी भेदभाव होत नसेल आणि त्याचे आरोग्य धोक्यात येत नसेल, तरच डॉक्टरला नकार देता येईल. तो नकार त्याने तत्काळ व आदराने सांगावा. दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घेण्याचा रुग्णाला हक्क आहे हे त्याला कळवावे, आणि तो सल्ला वेळेवर घेता येईल इतकी माहिती द्यावी.

प्रियजनहो, दानीएलाकडे पाहा. राजाच्या अन्नाने आपणास विटाळवायचे नाही, असा त्याने मनात निश्चय केला. पण त्याच्या नकाराने खोजांच्या सरदाराच्या जिवावर बेतणार होते. दानीएलाने त्याचे भय तुच्छ लेखले नाही. त्याने विनंती केली. शाकान्न व पाणी यांवर दहा दिवस आमची परीक्षा पाहा, असे सुचविले. निश्चय त्याचा होता, आणि उपवासासारखे ते अन्नही त्यानेच पत्करले. आपल्या विवेकाचे ओझे त्याने दुसऱ्याच्या खांद्यावर टाकले नाही.

आता यरीहोच्या वाटेवरील याजक व लेवी यांच्याकडे पाहा. ते बाजूने का गेले हे प्रभूने सांगितले नाही. मृतदेहाचा विटाळ होईल, अशी धास्ती त्यांना वाटली असेल, असे पुष्कळ भाष्यकार म्हणतात. तसे असेल तर त्यांचेही हात ‘शुद्ध’ राहिले. पण त्या शुद्धतेचे मोल रस्त्यात पडलेल्या जखमी माणसाने दिले. शोमरोन्याने मात्र जखमा बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर बसविले, उतारशाळेत नेऊन रात्रभर त्याची शुश्रूषा केली. निघताना पैसे दिले आणि अधिक खर्च झाल्यास परत येऊन देईन, असे वचनही दिले. रुग्णाला दुसऱ्याच्या हाती सोपवितानाही त्याने त्याला सोडून दिले नाही.

मसुद्यावरील वादात दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकण्याजोगे आहे, आणि केवळ माहिती देणेही ज्यांच्या विवेकाला बोचते अशा बंधुभगिनींचा आपण उपहास करू नये. परंतु एक गोष्ट शास्त्र आपणास विसरू देत नाही. जो ‘नाही’ म्हणतो त्याने त्या नकाराचे मोल स्वतः द्यावे. शहरात दुसरा डॉक्टर पलीकडच्या गल्लीत असतो. दुर्गम खेड्यात तो दिवसभराच्या वाटेवर असतो. तेथे ‘दुसरीकडे जा’ एवढे दोन शब्द एखाद्या रक्तस्राव होणाऱ्या स्त्रीला मृत्युदंडाप्रमाणे ठरतील. तिचा जीव धोक्यात असता विवेकाच्या नावाने पाठ फिरविणारा शोमरोन्याच्या नव्हे, तर लेव्याच्या वाटेने चालतो.

डॉक्टर बंधुभगिनींनो, नकार द्यावयाचा असेल तर तो खुर्चीवरून उठून, रुग्णाजवळ बसून द्या. त्याला लाजवू नका, दटावू नका. तुमच्या नकारानंतरही त्याची वेदना तुमचीच आहे. बढती गेली, नोकरी गेली, तरी ते मोल तुमचे आहे. आणि मंडळीने काय करावे? आपल्या डॉक्टरांनी विवेक राखावा असा उपदेश करणाऱ्या मंडळीने, त्यासाठी त्यांची नोकरी गेली तर त्यांच्या घरची चूल पेटती ठेवावी. आणि जिला आपण ‘हे करू नकोस’ म्हणतो, त्या संकटातील स्त्रीच्या दाराशी नऊ महिने आणि त्यापुढेही उभे राहावे. नाहीतर आपला उपदेश हा केवळ दुसऱ्याच्या खर्चाने केलेला धर्म ठरेल.

आपल्या प्रभूने पापाला ‘नाही’ म्हटले, आणि त्या नकाराचे मोल वधस्तंभावर स्वतः दिले. आम्हांकडून ते मागितले नाही.

प्रार्थना : हे परमवैद्या प्रभू, आमचा विवेक जागा ठेव आणि आमचे अंतःकरण कोमल ठेव. आमच्या नकाराचे ओझे दुर्बलांवर पडू देऊ नको. आमेन.