आजीची वही

2021 ची दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. सिडनीच्या ब्लॅकटाउन भागातल्या एका घरात चकल्यांचा डबा अजून अर्धा भरलेला होता. ऑक्टोबरात लॉकडाउन उठला होता आणि घरातल्या आजीच्या कोविड लशीच्या तिसऱ्या डोसची पाळी डिसेंबरात यायची होती.

एके दिवशी आजीच्या फोनवर एक आलेख आला. ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचे इंग्लंडबद्दलचे आकडे होते, वय 10 ते 59. लस घेतलेल्यांचा मृत्युदर न घेतलेल्यांच्या दुप्पट दिसत होता.

"आता मला सुई नको," आजी म्हणाली.

सून शेजारी येऊन बसली. "आई, आकडे खरे आहेत. पण तुमची भिशीची वही काढा बरं."

आजीने वही काढली, चष्मा लावला.

"समजा, हजार जणांनी लस घेतली, हजारांनी नाही. घेतलेल्यांत 950 म्हातारे, 50 तरुण. न घेतलेल्यांत 50 म्हातारे, 950 तरुण."

"असं कसं होईल?"

"तुमच्या वयाच्या लोकांना मार्चपासून लस मिळाली. माझ्या भावाला ऑगस्ट उजाडला. आता लिहा, घेतलेल्यांतले 19 म्हातारे गेले, न घेतलेल्यांतले 5. तरुण कुणी नाही."

"म्हणजे घेतलेलेच जास्त गेले की गं!"

"आता नुसत्या म्हाताऱ्यांचा हिशोब करा."

आजीने पानावर उभी रेघ मारली. 950 पैकी 19, म्हणजे शंभरात 2. 50 पैकी 5, म्हणजे शंभरात 10. तिने भागाकार पुन्हा करून पाहिला. उत्तर तेच आलं.

"अगं, न घेतलेले पाचपट गेले," ती हळूच म्हणाली.

त्या आलेखातले आकडे कुणी रचलेले नव्हते. पण दहा वर्षांचं पोर आणि एकोणसाठीचा माणूस एकाच गटात बसवले होते. लस आधी मोठ्यांना मिळाली होती, आणि मरण कोणत्याही कारणाने येवो, ते मोठ्यांकडे जास्त येतं. वयाचं ओझं असं लशीच्या खात्यावर मांडलं गेलं. नुसती माणसं मोजली तरी तसाच चकवा लागतो. आजीच्या न्यू साउथ वेल्स राज्यात तेव्हा सोळा वर्षांवरच्या 90 टक्क्यांहून जास्त लोकांचे दोन डोस झाले होते. अशा ठिकाणी गेलेल्यांच्या यादीत लस घेतलेले पुष्कळ दिसणारच. किती गेले हे विचारताना कितींपैकी गेले आणि कोणत्या वयाचे गेले, हेही विचारावं लागतं. तेवढं न विचारल्यामुळे एखादी म्हातारी दवाखान्याच्या दारातून परत फिरू शकते.

आजीने तो आलेख पुढे धाडला नाही. ज्याने पाठवला होता त्याला तिने उलट विचारलं, "यात विशीतले किती आणि पन्नाशीतले किती, तेवढं कळव."

डिसेंबरात ती सुनेबरोबर जाऊन डोस घेऊन आली. दुसऱ्या दिवशी दंड दुखत होता, म्हणून पोळ्या सुनेने लाटल्या.