कलेचे दार आणि स्वमग्न मुले

म्हैसूरचा दसरा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. सुमारे एक लाख दिव्यांनी उजळलेला राजवाडा, त्याच्या प्रांगणात रंगणाऱ्या शास्त्रीय संगीताच्या मैफली, विजयादशमीची हत्तींची मिरवणूक आणि एकवीस तोफांची सलामी. आता हाच सोहळा एखाद्या स्वमग्न मुलाच्या जागी बसून अनुभवण्याचा प्रयत्न करून पाहू या. दिवे लागताच तो आनंदाने हात फडफडवील, उड्या मारील. पण तोफेचा पहिला आवाज होताच तो कानांवर हात दाबून किंचाळू लागेल. आजूबाजूचे लोक वळून बघतील आणि कुणीतरी त्याच्या आईला म्हणेल, "अशा मुलाला गर्दीत आणायचेच कशाला?"

हा प्रश्न विचारणारा माणूस दुष्ट नसतो. त्याला कार्यक्रमाचा आनंद घ्यायचा असतो, एवढेच. पण त्याच्या प्रश्नात एक मोठा नैतिक प्रश्न दडलेला आहे. कला कुणासाठी असते? जो शांत बसू शकतो, केवळ त्याच्यासाठी?

एका शब्दामुळे होणारा गैरसमज

'ऑटिझम'साठी मराठीत 'स्वमग्नता' हा शब्द रुळला आहे. अमेरिकेतील बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये अकरा मुलांच्या निरीक्षणांवरून या अवस्थेचे वर्णन केले. साधकाच्या कानाला हा शब्द गोड वाटतो, कारण मग्न होणे ही आपल्या परंपरेत मोठी अवस्था मानली जाते. त्यामुळे आपल्याकडून दोन प्रकारचे गैरसमज होतात. कुणी अशा मुलाला जन्मजात योगी ठरवून मोकळा होतो. कुणी म्हणतो, तो स्वतःतच बुडालेला आहे, त्याला बाहेरचे काही नकोच आहे. दोन्ही समजुतींचा परिणाम एकच होतो. आपल्याला काही करावे लागत नाही.

वस्तुस्थिती अशी की, स्वमग्नता म्हणजे मेंदूच्या विकासातील वेगळेपण. अशा मुलाला आवाज, प्रकाश, स्पर्श हे आपल्यापेक्षा फार तीव्र किंवा फार मंद जाणवू शकतात. संवाद साधणे आणि समोरच्याच्या मनातले ओळखणे त्याला अवघड जाते. तीच ती कृती पुन्हा पुन्हा करण्यात अनेक मुलांना आधार वाटतो. कुणी मुळीच बोलत नाही, तर कुणी आवडत्या विषयावर तासन्‌तास बोलतो. एका मुलावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही.

म्हैसूरला या विषयाची जुनी ओळख आहे. 1965 मध्ये स्थापन झालेल्या तेथील अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्थेत देशभरातून पालक मुलांना घेऊन येतात. टिटो मुखोपाध्याय हा स्वमग्न कवी लहानपणी आईसोबत या शहरात राहिला होता. जवळजवळ न बोलणाऱ्या या मुलाचे पुस्तक 2000 मध्ये ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा अनेकांना नवल वाटले. त्याच्या आईने पुढे जी शिक्षणपद्धती मांडली, तिच्याविषयी तज्ज्ञांमध्ये तीव्र मतभेद आहेत आणि ती सर्वांना लागू पडेल असे मानणे योग्य नाही. मात्र तोंडातून शब्द येत नाहीत, म्हणून आत काही नाही असे समजू नये, एवढे तरी आपण यातून घ्यावे.

येथे आणखी एक सावधगिरी हवी. प्रत्येक स्वमग्न मुलात एक कवी किंवा गवई लपलेला असतो, असे नाही. इतर मुलांप्रमाणेच यांच्यातही बहुतेकांची चित्रे साधीच असतात. पण आपल्या घरातले मूल पुढे मोठे गायक होणार असेल तरच त्याला गाणे ऐकू द्यायचे, असे आपण म्हणतो का? आनंद घेण्याचा अधिकार प्रतिभेवर अवलंबून नसतो.

पाचव्या वेदाची कथा

भरतमुनींच्या नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात नाट्याच्या जन्माची कथा आहे. इंद्रादी देव ब्रह्मदेवाकडे जातात आणि पाहता येईल व ऐकताही येईल असे एक खेळणे मागतात. वेद सर्वांना ऐकता येत नाहीत, काहींना त्यांचे दार बंद आहे, म्हणून सर्वांसाठी असा पाचवा वेद निर्माण करावा, अशी त्यांची विनंती असते. म्हणजे आपल्या परंपरेने नाट्याच्या जन्माचे कारणच हे सांगितले आहे की, कुणीतरी दाराबाहेर राहिले होते.

पुढे सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोग यशस्वी झाला हे कसे ओळखावे, याची चर्चा आहे. प्रेक्षकांची नीरव शांतता हे यशाचे एक लक्षण, आणि ते दैवी म्हटले आहे. पण प्रेक्षकांचे मोठ्याने हसणे, उद्गार काढणे, अंगावर रोमांच येणे, जागेवरून उठणे हीसुद्धा यशाचीच, मानवी यशाची लक्षणे मानली आहेत. स्वमग्न मूल तबल्याचा ठेका ऐकून डोलते, हात फडफडवते, मध्येच ओरडते, तेव्हा त्याला व्यत्यय म्हणावे की दाद, याचा विचार आपण करायला हवा.

आपल्या गावोगावच्या कीर्तनात हे फारसे शिकवावे लागले नाही. तेथे मुले मंडपात हिंडतात, कुणी उठून जातो, कुणी परत येतो, कुणी भान विसरून नाचतो. अंधारात, रांगेत, हालचाल न करता बसण्याचा नियम बंदिस्त नाट्यगृहांबरोबर आला. तो नियम उपयोगी आहे, पण म्हणून त्याला धर्म समजू नये.

दार उघडायचे म्हणजे काय करायचे?

2011 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 'द लायन किंग' या संगीतनाटकाचा एक प्रयोग खास स्वमग्न व्यक्ती आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी झाला. अशा प्रयोगांत कथा बदलत नाहीत. दचकवणारे आवाज कमी करतात, प्रेक्षागृहात मंद दिवे चालू ठेवतात, उठून बाहेर जाण्याची आणि परत येण्याची मुभा असते, शेजारी एक शांत खोली असते. कुठे जायचे, कुठे बसायचे, काय दिसेल हे सांगणारी चित्रे मुलांना आधीच दाखवतात. पुढे काय होणार हे माहीत असले की भीती निम्मी होते.

यातले काय खर्चिक आहे? म्हैसूरची 'रंगायण' ही नाट्यसंस्था 1989 मध्ये ब. व. कारंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाली. दर उन्हाळ्यात ती मुलांसाठी 'चिन्नर मेळ' हे शिबिर भरवते. आपल्याकडेही सुट्टीत ठिकठिकाणी अशी शिबिरे होतात. त्यांत दोन-चार स्वमग्न मुलांना सामावून घ्यायचे, तर गट लहान हवा, रोजचा क्रम ठरलेला हवा आणि एक धीराचा सोबती हवा. ओल्या रंगाचा स्पर्श सहन होत नसेल तर ब्रश द्यावा. ठिपक्यांची रांगोळी, तालाची आवर्तने यांत पुनरावृत्ती असते, आणि जी पुनरावृत्ती आपण दोष समजतो ती तेथे गुण होते. तीनतालाच्या सोळा मात्रांनंतर सम येणारच, या खात्रीत मुलाला विसावा मिळू शकतो.

यात कुणाच्या उपकाराचा प्रश्न नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. त्याच्या 29 व्या कलमात कला दिव्यांगांना उपलब्ध करून देणे, कलाविषयक अभ्यासक्रम त्यांना सहभागी होता येईल असे बदलणे, ही शासनाची कर्तव्ये सांगितली आहेत. पण कायदा सभागृहाचे दार उघडू शकतो. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाची नजर बदलणे त्याच्या हातात नाही.

इतरांच्या हक्काचे काय?

कुणी म्हणेल, आम्हीही तिकीट काढले आहे, ध्रुपदाची आलापी शांततेतच ऐकायला हवी. हे म्हणणे खोटे नाही. गायकाची एकाग्रता हीसुद्धा एक साधना आहे. म्हणून काही प्रयोग वेगळे, मोकळ्या नियमांचे असावेत. पण या मुलांसाठी कायमची वेगळी पंगत मांडून आपली सुटका होत नाही. बालनाट्य, भजन, उत्सव, चित्रांचे प्रदर्शन येथे सर्वांनी एकत्र बसण्यात आपले कोणते मोठे नुकसान होते? क्षणभर लक्ष विचलित होईल. त्या बदल्यात एका कुटुंबाला वर्षानुवर्षांच्या एकांतातून बाहेर पडता येईल.

दोन गोष्टी आध्यात्मिक मंडळींनी विशेष जपाव्यात. संगीताने मन शांत होते, संवादाला मदतही होऊ शकते. परंतु अमुक रागाने किंवा मंत्राने स्वमग्नता बरी होते, असे आश्वासन कुणी देऊ नये. खोटी आशा आईवडिलांना फार महाग पडते. तसेच 'पूर्वजन्मीचे कर्म' हे शब्द त्यांच्यासमोर कधीही उच्चारू नयेत. कर्मसिद्धांत स्वतःचे आचरण तपासण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या घरावर निकाल देण्याचा अधिकार त्याने आपल्याला दिलेला नाही. त्या मुलाशी आपण आज कसे वागतो, हे मात्र आपलेच कर्म आहे.

सर्वांभूती ईश्वर पाहावा, असे आपण नित्य म्हणतो. शांत, हसऱ्या, आज्ञाधारक मुलात तो सहज दिसतो. सत्संग ऐन रंगात आला असताना ओरडणाऱ्या मुलात तो पाहता येतो का, यात आपली परीक्षा आहे. पुढच्या कार्यक्रमाला आपल्या केंद्रात ध्वनिक्षेपकाचा आवाज थोडा कमी ठेवू या, एक खोली शांत राखू या, आणि ओळखीतल्या अशा एका कुटुंबाला स्वतः जाऊन सांगू या, "मुलाला घेऊन या. मध्येच उठावे लागले तरी चालेल."