गिरमिट आणि बावखल

वसईतल्या पापडीच्या तळ्याकाठी निवांत बसा. डोळे मिटायची घाई नको. आधी पाण्याकडे बघा. वारा पडला की त्यावरची लाट कशी विरत जाते, ते दिसेपर्यंत थांबा.

आज मनातल्या मनात एक यंत्र घडवायचं आहे. विज्ञानकथेतलं, अख्खा ग्रह पोखरून फोडणारं गिरमिट. विज्ञानकथेत कल्पनेला मोकळं रान असतं, असं आपण समजतो. पण जयंत नारळीकरांसारखा शास्त्रज्ञ गोष्ट लिहितो तेव्हा कल्पनेच्या नाकात गणिताची वेसण असते. आपणही तीच वेसण धरू.

गिरमिटाचं टोक मातीवर ठेवा. श्वास सोडा आणि त्याच संथपणे खाली उतरा.

माती, वाळू, मग काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरावर थर बसून तो झाला. कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करायला सातारा जिल्ह्यात गोठण्याला भोक पाडलं, तेव्हा हा पाषाण संपून खाली ग्रॅनाइट लागला. ते भोक सुमारे ३ किलोमीटर गेलं. रशियात कोला द्वीपकल्पावर १९७० साली सुरू झालेलं काम १२,२६२ मीटरपर्यंत पोहोचलं. तळाशी १८० अंशांची धग. तिथला खडक मऊ पडून भोकात सरकू लागला. आणि एवढ्या खटाटोपातून पडलेल्या त्या भोकाची रुंदी किती? जेमतेम वीतभर.

आपली वीत उघडून बघा. एवढंच.

पृथ्वीचं केंद्र ६,३७१ किलोमीटरवर आहे. कोलाचं भोक त्या वाटेचा पाचशेवा हिस्सासुद्धा नाही. समजा, गोष्टीतलं आपलं गिरमिट केंद्राशी पोहोचलं. तिथे हवेच्या दाबाच्या सुमारे ३६ लाख पट दाब आहे. मागे पाडलेलं भोक केव्हाच मिटलेलं असेल. शिवाय पृथ्वी नारळासारखी फुटत नाही. तिचा प्रत्येक खडा बाकीच्या सगळ्या खड्यांना धरून आहे. ही मिठी कायमची सोडवायची, तर सूर्य आठवडाभर चहूकडे ओततो ती सगळी ऊर्जा एकट्या पृथ्वीत ओतावी लागेल.

इथे थांबा. हातातलं गिरमिट केवढंसं वाटतंय, ते अनुभवा.

आता वर या. पार वर, पृष्ठभागापासून थोडं खाली. वसईसारख्या किनाऱ्यालगत जमिनीखाली पावसाचं गोडं पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. गोडं पाणी हलकं, खारं किंचित जड; त्यांची समजूत एवढ्याशा फरकावर टिकलेली. ढोबळ हिशेब असा, की गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या वर १ फूट असेल, तर खाली सुमारे ४० फूट गोडं पाणी तोलून धरलेलं असतं. वरचा १ फूट उपसा, की कालांतराने खालचं खारं पाणी ४० फूट वर सरकतं.

हा आकडा मनात घोळू द्या. एकास चाळीस. गोष्टीतल्या कुठल्या शस्त्राला एवढी तरफ मिळाली असती?

हा तोल मोडायला सूर्य लागत नाही. बोअरवेल, मोटर आणि फाटकाशी उभा टँकर एवढं पुरतं. मग विहिरीचं पाणी मचूळ होतं, डाळ शिजेनाशी होते, वाडीतल्या केळीची पानं कडेने करपतात. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या हरित वसईच्या चळवळीत हा उपसा लढ्याचा विषय होता, तो उगाच नाही. ग्रह शाबूत राहतो. त्यावरचं राहणं तेवढं संपतं.

मन जड झालं असेल, तर पुन्हा श्वास घ्या आणि वाडीतलं एखादं बावखल डोळ्यांसमोर आणा. कडेला माड, पाण्यावर पडलेली झावळी, काठावर टपून बसलेला खंड्या. बावखल म्हणजे तरी काय? माणसाने जमिनीला पाडलेलं भोकच. पण ते पावसाळ्यात पोट भरून घेतं, शेजारच्या विहिरींना मुरवून देतं आणि खाऱ्याला खालीच दाबून ठेवतं.

जमीन खणणारे हात दोन्हीकडे आपलेच. खणताना मनात काय होतं, एवढाच फरक.

गिरमिट हळूच बाजूला ठेवा. तळ्याकडे बघा. वारा पुन्हा सुटला असेल.