घागरीचा दिवा आणि कृतार्थ वस्तूचा प्रश्न

उपयोग संपलेल्या वस्तूचे काय करावे, हा प्रश्न वरवर पाहता घरगुती सोयीचा वाटतो. परंतु भारतीय दर्शनांनी आणि धर्मशास्त्राने तो फार पूर्वीच गंभीरपणे हाताळला आहे. मुंबईच्या चोर बाजारातून किंवा पुण्याच्या जुन्या बाजारातून तांब्याच्या घागरी, बंब, रेल्वेचे कंदील, शिवणयंत्रांचे सांगाडे आणि कापडगिरण्यांतील सूत गुंडाळण्याचे लाकडी बॉबिन गोळा करून त्यांचे विजेचे दिवे करण्याचा, आणि त्यांवर हाताने केलेल्या कागदाच्या किंवा कापडाच्या शेड चढवण्याचा जो व्यवसाय अलीकडे रुजला आहे, त्यामुळे या जुन्या प्रश्नाला एक नवे उदाहरण मिळाले आहे. पाणी भरण्यासाठी घडवलेली वस्तू उजेड देऊ लागली, तर ती तीच वस्तू राहते काय, हा एक प्रश्न. आणि ती तीच राहो वा न राहो, तिच्यात असा बदल करणे उचित केव्हा ठरते, हा दुसरा. पहिला प्रश्न पदार्थाच्या स्वरूपाचा आहे, दुसरा कर्तव्याचा, म्हणजे धर्माचा आहे. दुसऱ्याचे उत्तर पहिल्याच्या उत्तरातून निघत नाही, आणि ते शोधण्यासाठी यज्ञकर्माची चिकित्सा करणारी पूर्वमीमांसा सर्वाधिक उपयोगी पडते, हे येथे दाखवायचे आहे.

तांब्याची घागर हे या विचारासाठी सोयीचे उदाहरण आहे. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीसारख्या वस्त्यांत पत्रा ठोकून अशी भांडी घडवली जात आली, आणि त्यांच्या अंगावर दिसणारे हातोडीच्या ठोक्यांचे एकसारखे ठसे, ज्यांना मठार म्हणतात, ते केवळ शोभेसाठी नसतात. ठोक्यांमुळे तांबे कठीण होते आणि भांड्याला सहजासहजी पोचे येत नाहीत. आडाच्या जागी नळ आला, घागरीच्या जागी प्लास्टिकचा हंडा आला, कल्हईच्या भांड्यांच्या जागी स्टेनलेस स्टील आले, तेव्हा घागर फुटली नव्हती की झिजली नव्हती. तिचे काम तेवढे संपले होते. ती माळ्यावर गेली आणि तेथून बहुधा मोडीत निघाली, जेथे घडणीला मोल नसते, भाव फक्त वजनाला मिळतो. दिवा करणारा कारागीर तिला या वाटेवर अडवतो. त्याच्यापुढे दोन रीती असतात: एकीत घागरीच्या बुडाशी भोक पाडून तेथून वायर आत घेतात आणि तोंडाशी होल्डर बसवतात, दुसरीत तोंडात बसेल असे लाकडी बूच कातून त्यावर होल्डर बसवतात आणि वायर बुचाच्या कडेने बाहेर काढतात, त्यामुळे तांब्याला कोठेही धक्का लागत नाही. दोन्ही रीतींत, भांडे धातूचे आणि म्हणून वीजवाहक असल्याने, वायर तीन पदरी घेऊन तिसरा पदर अर्थिंगसाठी भांड्याला जोडावा लागतो. प्रकाशात ज्यांतला भेद दिसत नाही अशा या दोन रीती तत्त्वविचारात मात्र वेगळ्या पडतात.

न्याय आणि वैशेषिक दर्शनांच्या मते वस्तू म्हणजे तिच्या भागांची नुसती बेरीज नसते. भाग हे अवयव, आणि त्यांच्यात समवाय नावाच्या अतूट संबंधाने राहणारी, पण त्यांच्याहून वेगळी अशी जी अखंड वस्तू, ती अवयवी होय. या भूमिकेचा काटेकोर परिणाम असा, की अवयव गळला किंवा अवयवांची मूळ जोडणी मोडली तर जुना अवयवी नष्ट होतो आणि उरलेल्या अवयवांपासून नवा उत्पन्न होतो. कड उडालेल्या घटाला या परंपरेत खंडघट असे स्वतंत्र नाव आहे. तेव्हा भोक पाडलेली घागर ही नैयायिकाच्या दृष्टीने दुसरी घागर होय, तर बूच बसवलेल्या घागरीत फक्त एका नव्या संयोगाची भर पडली असून मूळ अवयवी अबाधित आहे. बौद्ध विचारवंत हा सारा वाद मुळातूनच नाकारतात. मिलिंद राजा आणि नागसेन यांच्या प्रसिद्ध संवादात रथ हा चाके, आस आणि दांडी यांहून वेगळा असा कोठेच सापडत नाही, आणि रथ हे केवळ व्यवहाराच्या सोयीसाठी दिलेले नाव ठरते. या न्यायाने घागर पूर्वीही नाममात्र होती आणि दिवाही नाममात्रच आहे, त्यामुळे एक नष्ट होऊन दुसरा जन्मला असे म्हणण्यातही फारसा अर्थ उरत नाही.

या दोन टोकांच्या मधली भूमिका योगसूत्रांवरील व्यासभाष्यात आढळते. तेथे परिणामाची, म्हणजे टिकून राहणाऱ्या द्रव्यात होणाऱ्या बदलाची चर्चा करताना सोन्याचे भांडे मोडून दुसरे काही घडवल्याचे उदाहरण घेतले असून, अशा वेळी पालटतो तो आकार, सोने पालटत नाही, असा निर्वाळा दिला आहे. जैन दर्शनाने हाच विचार आणखी पुढे नेला. सत् म्हणजे जे खरोखर आहे ते उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य, म्हणजे उत्पत्ती, नाश आणि स्थैर्य, या तिन्हींनी एकाच वेळी युक्त असते, असे उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहे. आणि समंतभद्रांनी आप्तमीमांसेत तेच तीन माणसांच्या मनःस्थितीतून दाखवले आहे. सोन्याचा घट मोडून मुकुट घडवला जात असता घटाची इच्छा असणारा शोक करतो, मुकुटाची इच्छा असणारा आनंदतो आणि नुसते सोने हवे असणारा तटस्थ राहतो. तिघांच्याही भावनांना वस्तूतच आधार असल्यामुळे नाश, उत्पत्ती आणि स्थैर्य ही तिन्ही खरी ठरतात.

घागरीच्या दिव्याभोवती हे तिघेही आजच्या वेषात उभे असतात. जिने त्या घागरीने वर्षानुवर्षे पाणी भरले त्या घरच्या वृद्धेला घागरीच्या पोटातून वायर निघालेली पाहून वाईट वाटते. दिवाणखान्यासाठी दिवा शोधणारा गिऱ्हाईक हरखतो. आणि किलोमागे दर ठरवणाऱ्या मोडवाल्याला तांबे ते तांबे असते. जैन विचाराचे मोठेपण असे, की तो यांतील कोणालाही भ्रमिष्ट ठरवत नाही. परंतु त्याची मर्यादाही येथेच दिसते, कारण तिघेही खरे असले तरी त्यांपैकी कोणाच्या भावनेला मान देऊन वागावे, हे त्या विश्लेषणातून कळत नाही. वस्तू तीच आहे असे सिद्ध केल्याने तिला भोक पाडणे समर्थनीय ठरत नाही, आणि ती वेगळी झाली असे सिद्ध केल्याने ते निषिद्धही ठरत नाही.

धर्मशास्त्राने या कर्तव्याच्या प्रश्नाकडे शुद्धी आणि जीर्णोद्धार अशा दोन दिशांनी पाहिले आहे. द्रव्यशुद्धीच्या प्रकरणात मनुस्मृती तांबे, पितळ, कांसे यांसारख्या धातूंची शुद्धी राख, आम्ल आणि पाणी यांनी होते असे सांगते, तर मद्यासारख्या पदार्थांनी विटाळलेले मातीचे भांडे पुन्हा भाजूनही शुद्ध होत नाही असे मानते; चिंच आणि राख लावून तांब्याचे भांडे घासणाऱ्या घराघरांत हा नियम ग्रंथाशिवायही पाळला गेला. त्यामागील धारणा अशी, की धातू आपल्या पूर्वायुष्यातून मोकळा होऊ शकतो. मूर्तीच्या बाबतीत मात्र घासूनपुसून भागत नाही. जीर्ण किंवा भंगलेल्या मूर्तीतील देवत्व आधी विधिपूर्वक काढून घ्यावे लागते, आणि त्यानंतर लाकडी मूर्ती अग्नीत व दगडी मूर्ती पाण्यात सोडावी, असे अग्निपुराण सांगते. या दोन्ही विधानांतून एवढे निष्पन्न होते, की जुनी वस्तू हाताळण्यापूर्वी तिचे पूर्वीचे नाते संपवणे हे एक स्वतंत्र कर्म आहे. ते का करावे आणि केव्हा पुरे झाले असे समजावे, याची तात्त्विक उपपत्ती मीमांसकांनी दिली.

जैमिनींच्या मीमांसासूत्रांच्या चौथ्या अध्यायात अर्थकर्म आणि प्रतिपत्तिकर्म असा भेद येतो. ज्या कर्मापासून यज्ञाला काही फल किंवा उपकार अपेक्षित असतो ते अर्थकर्म. आणि ज्या वस्तूने आपले काम केले आहे तिची नीट वासलात लावणे एवढाच ज्याचा हेतू असतो ते प्रतिपत्तिकर्म. ज्योतिष्टोम यागात दीक्षा घेतलेला यजमान अंग खाजवण्यासाठी काळविटाचे शिंग वापरतो आणि पुढे ते चात्वाल नावाच्या खड्ड्यात टाकतो; हे टाकणे प्रतिपत्तिकर्म होय. आहिताग्नी, म्हणजे श्रौत अग्नी बाळगणारा गृहस्थ, मरण पावल्यावर त्याची यज्ञपात्रे त्याच्या देहावर ठरावीक जागी मांडून, जुहू नावाची पळी उजव्या हातात देऊन, त्याच्याबरोबर अग्नीला अर्पण केली जातात, आणि मीमांसक त्याचाही समावेश प्रतिपत्तीतच करतात. वस्तू कृतार्थ झाली, तिचे प्रयोजन पुरे झाले, म्हणून तिला कोठेही फेकून देण्याची मुभा मिळत नाही. उलट कृतार्थ झाल्यामुळेच तिच्याविषयी एक शेवटचे कर्तव्य उरते, असा याचा आशय आहे. हे कर्तव्य वस्तूला चेतन मानून आलेले नाही. ती एका मोठ्या कर्माचे अंग होती आणि ते कर्म तिच्या विल्हेवाटीपर्यंत पुरे होत नाही, एवढ्यावरच ते उभे आहे.

घागरीचा दिवा करणे म्हणजे घागरीला निरोप देणे नव्हे, तिला पुन्हा कामाला लावणे आहे, असा आक्षेप येथे घेता येईल, आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर मीमांसेच्याच दुसऱ्या दोन विचारांत मिळते. पहिला असा, की द्रव्यावर संस्कार, म्हणजे त्याला योग्य बनवणारी क्रिया, तेव्हाच सार्थ होते जेव्हा ते द्रव्य पूर्वी वापरलेले असते किंवा पुढे वापरले जाणार असते. दिव्यात रूपांतर होणारी घागर या दोन्ही बाजूंनी पात्र ठरते, मात्र पुढचा उपयोग खरा असला पाहिजे. ज्याच्या उजेडात वाचता येत नाही, ताट दिसत नाही, ज्याचे बटण वर्षातून एकदाही दाबले जात नाही, असा दिवा हा ना निरोप आहे ना उपयोग, आणि तेथे संस्कार व्यर्थ जातो. दुसरा विचार प्रयोजकाचा, म्हणजे ज्याच्यासाठी वस्तू मुळात मिळवली जाते त्या कारणाचा आहे. पुरोडाश नावाची यज्ञीय भाकरी ज्या कपालावर, म्हणजे मातीच्या खापरावर, भाजतात त्याच खापराने धान्याचा कोंडाही टाकला जातो. पण खापराचे प्रयोजक पुरोडाश आहे, कोंडा नव्हे, आणि म्हणून पुरोडाशच नसेल तेथे केवळ कोंड्यासाठी खापर आणले जात नाही, असे मीमांसक ठरवतात. दुय्यम उपयोग मान्य आहे, पण त्याने मूळ उपयोगाची जागा बळकावू नये.

या कसोटीने पुष्कळ गोष्टी स्पष्ट होतात. नवे पितळ रसायनांनी काळवंडवून जुने म्हणून विकणे येथे बसत नाही, कारण ज्या वस्तूला पूर्वायुष्यच नाही तिची प्रतिपत्ती कसली. ज्या समईत आजही तेल घातले जाते आणि वात लावली जाते, तिचा दांडा पोखरून बल्ब बसवणेही बसत नाही, कारण तिचे स्वतःचे काम संपलेले नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुने दिवे, अडकित्ते आणि भांडी जपली आहेत ती तिसऱ्या वर्गात पडतात: तेथे उपयोग थांबवून ज्ञान हे नवे प्रयोजन दिलेले आहे, आणि दुर्मीळ घडणीच्या वस्तूला तेच अधिक योग्य असते. उरते ती सर्वसाधारण, अनेक प्रतींत उपलब्ध असलेली, मोडीच्या वाटेला लागलेली वस्तू. तिच्या बाबतीत बुचाची रीत भोकाच्या रीतीपेक्षा श्रेष्ठ ठरते, कारण कधी काळी कोणाला पुन्हा पाणी भरावेसे वाटले तर बुचाच्या रीतीत तो मार्ग खुला राहतो.

शेडचा विचारही याच चौकटीत करावा लागतो. पुण्यातील १९४० साली स्थापन झालेल्या हातकागद संस्थेसारख्या ठिकाणी सुती चिंध्यांपासून कागद तयार होतो; चिंध्यांचा लगदा पाण्यात कालवून चाळणीवर धरतात, पाणी निथळू देतात आणि उरलेला थर दाबून वाळवतात. अशा कागदाच्या शेडमागे दिवा लागला की आडवेतिडवे पसरलेले तंतू दिसू लागतात, म्हणजे फाटलेल्या कापडाची दुसरी अवस्था उजेडातच ओळखू येते. तारेच्या गुंतवळीचे जुने बल्ब बहुतांश ऊर्जा उष्णतेत घालवत, त्यामुळे कागद आणि बल्ब यांत पुरेसे अंतर राखावे लागे. एलईडीने ही अडचण बरीच कमी केली. खाली घागर आणि वर चिंध्यांचा कागद असलेल्या दिव्यात दोन कृतार्थ द्रव्ये एका तिसऱ्या प्रयोजनासाठी एकत्र येतात. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणाऱ्या समाजाला हे अपरिचित नाही.

आषाढ अमावास्येला, म्हणजे दिव्यांच्या अवसेला, महाराष्ट्रात घरातील सर्व दिवे घासून, पाटावर मांडून त्यांची पूजा करतात. त्या पाटावर घागरीच्या दिव्याला जागा आहे काय, या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. त्या दिवशी पूजा होते ती प्रकाश देण्याच्या कामाची आणि ते काम करणाऱ्या साधनाची. त्यामुळे रोज उजेड देणारा घागरीचा दिवा पात्र ठरतो, आणि केवळ शोभेसाठी ठेवलेली, कधीच न पेटणारी पुरातन समई त्याच्यापेक्षा कमी पात्र ठरते. वीज आणि तेल यांतील भेद येथे गौण आहे.

लाकडी बॉबिनच्या दिव्याजवळ मात्र ही मांडणी अधिक कठोर होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील कापडगिरण्यांचा संप सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि त्यांच्या जागांवर मनोरे उभे राहिले, पण कामगारांच्या घरांचा प्रश्न चार दशके उलटूनही पूर्ण सुटलेला नाही. त्या मनोऱ्यांपैकी एखाद्या घरात बॉबिनचा दिवा लागतो, तेव्हा काळविटाच्या शिंगाविषयीच्या विधीतील एक तपशील महत्त्वाचा ठरतो: ते शिंग मनाला येईल तेव्हा टाकायचे नसते, ऋत्विजांना, म्हणजे यज्ञ चालवणाऱ्या पुरोहितांना, दक्षिणा देऊन झाल्यावरच टाकायचे असते. राबणाऱ्यांचे देणे आधी, साधनाची वासलात नंतर, असा तो क्रम आहे. घागरीचा दिवा हा क्रम मोडत नाही, कारण तिने कोणाचे वेतन थकवलेले नसते. बॉबिनचा दिवा करणाऱ्या कारागिराचा दोष नाही आणि त्याचे कौशल्यही खोटे नाही. परंतु ज्या कर्माची दक्षिणा द्यायची राहिली आहे त्याच्या साधनाची प्रतिपत्ती, ती कितीही सुंदर असली तरी, मीमांसेच्या हिशेबात अजून अवेळी केलेली आहे.