निवारा, आसरा, बिऱ्हाड

पावसाळ्यात खडकवासला धरणातून पाणी सोडलं की पुण्यात एक शब्द हमखास कानावर येतो. नदीकाठच्या कुटुंबांची शाळेत 'निवाऱ्याची सोय' केली, असं बातमीत म्हणतात. निवारणं म्हणजे थोपवणं. निवारा ऊन-पाऊस अडवतो, आत कोण बसलंय हे तो विचारत नाही. पुलाखालचा आडोसाही निवाराच.

आसरा तसा नाही. तो आश्रयातून आला आणि आश्रयात टेकणं आहे. टेकायला दुसरं माणूस लागतं. म्हणून निवारा शोधतात, पण आसरा मागतात, आणि कुणीतरी तो देतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं आणि मुठेचं पाणी पेठांत शिरलं. हजारो माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली. शाळांमधून मिळाला तो निवारा. ना नात्याच्या ना गोत्याच्या माणसांनी आपलं माजघर मोकळं करून दिलं, तो आसरा.

पुढे पूरग्रस्तांसाठी गोखलेनगरला निसन हटची वस्ती उभी राहिली. अर्धगोल छपराची घरं ती. भिंत जिथे वळते तिथे कपाट सरळ टेकत नाही, मागे फट राहतेच. त्या फटीसकट लोकांनी तिथे बिऱ्हाड थाटलं. मला हा शब्द फार जवळचा वाटतो, कारण त्यात भिंती धरलेल्याच नाहीत. बिऱ्हाड म्हणजे पातेली, गाद्या, देव आणि माणसं. म्हणून तर ते विंचवाच्या पाठीवरही मावतं. पेठांतल्या वाड्यांत दोन-दोन पिढ्या काढूनही भाडेकरू बिऱ्हाडकरूच म्हणवले गेले. गोखलेनगरला मात्र दाराशी तुळस आली, पुढे पडवी निघाली, मुलींची लग्नं ठरली आणि बोलता बोलता माणसं 'आमचं घर' म्हणू लागली. बिऱ्हाडाचं घर नेमकं कोणत्या दिवशी झालं, हे कुणालाच सांगता यायचं नाही.

२५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हाही माणसं पिशवीत मावेल तेवढं घेऊन निघाली. निवारा उभा करणं महापालिकेचं काम आहे आणि तिने ते चोख करायलाच हवं. आसऱ्याचं काम आपलं. यंदा कुणी भिजलेलं दाराशी आलं, तर आधी आत घ्या. किती दिवस राहणार, हे विचारू नका.