यादी आणि हजेरी

आमच्या कचेरीत नव्याने लागलेल्या एका मुलाने पगाराची चिठ्ठी बघून विचारलं, "हे पी.टी.चे दोनशे कशाचे कापले? शाळेत पी.टी.च्या तासाला निदान मैदानावर तरी सोडायचे." सगळे हसले. उत्तर कुणीच दिलं नाही, आणि ते मला दिवसभर खुपत राहिलं. गरिबी हटवण्यासाठी या देशाने आखलेल्या योजनांपैकी मला सगळ्यात सच्ची वाटणारी योजना याच करावर उभी राहिली होती.

१९७२ चा दुष्काळ, खडी फोडणारी माणसं, सुकडी, हे सगळं आपण ऐकून आहोत. १९७३ च्या मे महिन्यात ५० लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामांवर होती. वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना आधी तासगाव तालुक्यात करून पाहिलेली. ती राज्यभर चालवायची तर पैसा हवा होता. १९७५ च्या कायद्याने व्यवसाय कर, म्हणजे हाच पी.टी., आला, आणि शहरातल्या पगारदाराने गावातल्या मजुराच्या हमीचे पैसे भरायचे ठरलं. हमीचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. दिल्लीला हे सुचायला २००५ उजाडलं.

गरिबीच्या योजना माझ्या मते दोनच जातींच्या असतात. एक यादीची, दुसरी हजेरीची. यादीत गरीब कोण हे साहेब ठरवतो. मग पिवळं कार्ड, केशरी कार्ड, उत्पन्नाचा दाखला. अन्नसुरक्षा कायद्यासाठी आपल्या राज्याने शहरी कुटुंबाला वर्षाला ५९,००० रुपयांची मर्यादा घातली, म्हणजे महिन्याला पाच हजारसुद्धा नाहीत. एवढ्यात सांताक्रूझमध्ये राहून दाखवणारं कुटुंब मी तरी पाहिलेलं नाही. कार्डं मात्र आहेत. दाखला मागणारा आणि देणारा दोघंही समजून-उमजून खोटं बोलत असणार, आणि ज्याला ते जमत नाही तो बाहेर राहत असणार.

हजेरीत असली भानगड नाही. उन्हात पाटी उचलायला जो आला तो गरजू. मुकादमाने नाव लिहायचं, काम द्यायचं, काम नसेल तर बेकारी भत्ता द्यायचा. राष्ट्रीय धोरण म्हणजे हीच हजेरी सगळीकडे नेणं, असं मी वर्षानुवर्षं मानत आलो.

मग शहरात ती का आली नाही? इथे माझं भांडण वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांच्याशी आहे. भारतातल्या गरिबीवरचा त्यांचा १९७१ चा अभ्यास वाचल्याशिवाय या विषयावर बोलू नये, इतका तो मोठा. पण शहरी गरिबीबद्दल त्यांचं म्हणणं असं की ती वेगळी काही नव्हे, गावची गरिबीच शहरात सांडलेली आहे. गावाला काम द्या, सांडणं थांबेल. गंमत म्हणजे त्यांच्याच हिशेबात १९६०-६१ साली खेड्यात ४० टक्के लोक गरीब होते आणि शहरात ५० टक्के. वाकोल्यात, गोळीबारला ज्यांच्या आज्या नांदायला आल्या, त्यांची नातवंडं आज इथे कामाला जातात. किती पिढ्यांपर्यंत माणसाला सांडलेला म्हणायचं?

आमच्या सोसायटीच्या वॉचमनची ड्युटी बारा तासांची. पगार १०,००० च्या वर गेला की त्याचेही महिन्याला २०० कापले जातात, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. महिन्याला दहा लाख कमावणारासुद्धा २,५०० च भरतो. राज्यघटनेच्या २७६ व्या कलमात ही मर्यादा १९८८ पासून तशीच आहे. ज्या कराचा जन्म दुसऱ्याच्या हमीसाठी झाला, तो कर हा माणूस भरतो. त्याला स्वतःला हमी कशाचीच नाही.

म्हणून शहरालाही हजेरी द्या, असं लिहायला मी बसलो होतो. पण या माणसाची हजेरी कधी चुकली आहे? महिन्याचे तीस दिवस तो हजर असतो. कामाचा तुटवडा त्याला नाहीच. पगारातलं निम्मं खोलीभाड्यात जातं, उरलेलं एखाद्या पावसाळ्यातल्या डेंग्यूत. मुकादमाने सगळं शहर पालथं घातलं तरी हा गरीब त्याला सापडायचा नाही.

थोडं विषयांतर. मुंबई विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभाग आज आमच्या कलिन्यात आहे. या विभागाच्या सी. एन. वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद यांनी १९५६ साली, म्हणजे महालनोबिसांच्या पोलाद-यंत्रांच्या योजनेचा बोलबाला असताना, उलटा सूर लावला. कामगार ज्यावर जगतो ते धान्य-कापड आधी मुबलक करा, रोजगार त्यातून वाढेल. दिल्लीने ऐकलं नाही. मला हे आजवर फक्त इतिहासातलं हरलेलं मत वाटायचं. आता वाटतं, शहरात धान्य-कापडाच्या जागी भाडं, पाणी आणि औषध लिहा, आणि मग बघा.

सांताक्रूझ पूर्वेला महापालिकेचं व्ही. एन. देसाई रुग्णालय आहे. केसपेपरच्या खिडकीत नाव विचारतात, वय विचारतात, काय होतंय ते विचारतात. कार्डाचा रंग कोणता हे विचारून मग नाडी बघत नाहीत. ही यादीही नव्हे आणि हजेरीही नव्हे, हे सगळ्यांना उघडं दार. माझ्या लाडक्या वर्गवारीत या दाराला जागाच नव्हती, आणि शहरापुरतं बोलायचं तर मला आता तेच धोरण पटतं. दवाखाना, नळ, बालवाडी, भाड्याची सरकारी खोली, जे असेल ते सर्वांना खुलं. हजेरी गावाला राहू दे, तिथे ती अजून लागते.

यावर अर्थखात्यातला माणूस लगेच म्हणेल की दार उघडं ठेवलं तर ज्याला परवडतं तोही आत घुसेल. घुसू दे की. तो रांगेत उभा राहिला की बंद पंख्यापासून संपलेल्या गोळ्यांपर्यंत सगळ्याची तक्रार करेल, आणि त्याचा फोन नगरसेवक उचलतो.